रांजणगाव-कुरकुंभ : कारखान्याचे कोणते काम ‘क्लाउड’वर जाते, कोणते जागेवरच राहते?

शिरूर तालुक्यातील रांजणगाव एमआयडीसीत मोटारी, फ्रिज, टीव्ही तयार होतात. दौंड तालुक्यातील कुरकुंभमध्ये रसायने आणि औषधांचा कच्चा माल. अशा मोठ्या कारखान्यांना सुटे भाग, पॅकिंग आणि वाहतूक पुरवणारे छोटे उद्योगही असतात. छोट्या उद्योगाचा हिशेब, बिले, पगारपत्रक अनेकदा ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर असते. तो बंद पडला किंवा रॅन्समवेअरने लॉक केला, तर बिल निघत नाही आणि भरलेला ट्रक गेटच्या आतच थांबतो. म्हणूनच ‘क्लाउड’चा विचार होतो.

क्लाउड म्हणजे नेमके काय?
स्वतःचा सर्व्हर विकत न घेता दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधील जागा आणि संगणकशक्ती भाड्याने घेणे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात, तर ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत अशी सेवा सुरू केली. त्यामुळे क्लाउडवर टाकलेला डेटा परदेशातच जातो, असे नाही.

आधी काय हलते?
ईमेल, बॅकअप, हिशेब, पगार, हजेरी आणि साठ्याच्या नोंदी. या कामांत काही सेकंदांचा उशीर चालतो आणि मालक, अकाउंटंट, सीए यांना एकच माहिती वेगवेगळ्या ठिकाणांहून पाहता येते.

नियमांचाही रेटा आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींपेक्षा जास्त वार्षिक उलाढाल असलेल्या बहुतेक व्यवसायांना दुसऱ्या व्यवसायाला माल विकताना ई-इन्व्हॉइस सक्तीचे आहे. बिलाचा तपशील सरकारी पोर्टलवर नोंदवून क्रमांक घ्यावा लागतो. म्हणजे कॉम्प्युटर ऑफिसात असला, तरी नेटशिवाय बिल पूर्ण होत नाही. शिवाय, नोंदणीकृत कंपन्यांनी संगणकावरील हिशेबाचा बॅकअप रोजच्या रोज भारतातील सर्व्हरवर ठेवावा, असा नियम ऑगस्ट २०२२ मध्ये आला.

जागेवर काय राहते?
मशीन चालवणारे कंट्रोलर, रिॲक्टरमधील तापमान आणि दाबाचे नियंत्रण, वजनकाटा. नेट गेले म्हणून रिॲक्टर थंड करणारा व्हॉल्व्ह थांबून चालत नाही. हा निर्णय शेडमध्येच, क्षणात व्हावा लागतो. त्याच्या नोंदी मात्र नंतर विश्लेषणासाठी क्लाउडवर पाठवता येतात.

धोका संपतो का?
नाही. जुलै २०२४ मध्ये बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि देशातील सुमारे ३०० छोट्या बँकांचे व्यवहार विस्कळीत झाले. यंत्रणा सामाईक असली की बिघाडही सामाईक होतो. घरचा कॉम्प्युटर लॉक झाला, तर आपोआप सिंक होणाऱ्या फायलीही क्लाउडवर लॉक झालेल्याच पोहोचू शकतात.

करार करण्यापूर्वी विचारा
- डेटा कोणत्या शहरात राहणार?
- फायलींच्या जुन्या प्रती किती दिवस मिळतील?
- वापर वाढला तर मासिक भाडे किती वाढेल?
- सेवा सोडताना सगळा डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळेल?
- एक नेटलाइन बंद पडली तर दुसरी आहे का?

बॅकअप रोज होतो की नाही, एवढेच पाहणे पुरेसे नाही. तीन महिन्यांतून एकदा तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवून मागच्या आठवड्याचे एखादे बिल उघडते का, हे तपासावे.