गावातला डेटाबेस: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

साकोली तालुक्यातल्या सानगडीसारख्या गावात वाचनालयाची पुस्तकयादी, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर किंवा धान खरेदीचा हिशेब संगणकावर ठेवायचा म्हटलं, की एक्सेलची फाइल उघडली जाते. लिनक्स सर्व्हरवर रीतसर डेटाबेस बसवणं हे मोठ्या कंपन्यांचं काम, असा समज पक्का असतो. तो खरा नाही. पोस्टग्रेस आणि मारियाडीबी हे दोन्ही डेटाबेस फुकट मिळतात. पोस्टग्रेस आपल्या मूळ मांडणीत सामायिक मेमरीसाठी १२८ एमबीच राखून ठेवतो, त्यामुळे काही हजार नोंदींना जुना संगणकही पुरतो. ग्रंथालयांसाठीची ‘कोहा’ ही प्रणाली २००० साली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातल्या वाचनालयांत सुरू झाली. तिच्याही पोटात असाच डेटाबेस आहे.

दुसरा समज असा की, एकदा इन्स्टॉल केलं की काम संपलं. उबुंटूवर एका आज्ञेत पोस्टग्रेस बसतो आणि चालूही होतो. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सवर मात्र डेटाची जागा आधी वेगळी आज्ञा देऊन तयार करावी लागते. खरे निर्णय त्यानंतरचे, आणि आपल्यासाठी त्यातला सर्वांत मोठा भाषेचा.

‘मराठी डेटाबेसात नीट बसत नाही’ ही तक्रार नेहमी ऐकू येते. दोष बहुधा मांडणीत असतो. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना-वेलांटीही स्वतंत्र चिन्हं मोजली जातात. म्हणून ‘सानगडी’ म्हणजे सहा चिन्हं, अठरा बाइट. सर्व्हरची भाषा ठरवलेली नसताना पोस्टग्रेस बसवला, तर तो ‘एसक्यूएल-आस्की’ या एन्कोडिंगमध्ये तयार होऊ शकतो. मग याच नावाची लांबी तो सहाऐवजी अठरा सांगतो आणि वीस अक्षरांच्या रकान्यात सात चिन्हांचं नावही मावत नाही. तयार डेटाबेसाचं एन्कोडिंग नंतर बदलता येत नाही. नवा डेटाबेस करून सगळा डेटा त्यात हलवावा लागतो, म्हणून यूटीएफ-८ सुरुवातीलाच निवडा. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी वापरत असाल तर ‘यूटीएफ८एमबी४’ घ्या. तिथला जुना ‘यूटीएफ८’ तीन बाइटांवर थांबतो. त्यात देवनागरी मावते, इमोजी मावत नाही.

क्रमाचंही तसंच. नुसत्या युनिकोड क्रमांकांनुसार ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो. यादी आपल्या वर्णमालेप्रमाणे हवी असेल, तर ‘आयसीयू’ या युनिकोड लायब्ररीतला मराठीचा क्रम निवडावा लागतो. मराठी बसते का, याचं उत्तर रोज डोळ्यांसमोर आहे: २००३ पासूनचा मराठी विकिपीडिया आज मारियाडीबीवर चालतो. तिथे लेखाच्या शीर्षकाला २५५ बाइटांची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीची जास्तीत जास्त ८५ चिन्हं.

‘दुसऱ्या संगणकावरून जोडणी होत नाही, म्हणजे इन्स्टॉलेशन बिघडलं’ हाही गैरसमजच. पोस्टग्रेस सुरुवातीला फक्त त्याच संगणकावरून आलेली जोडणी ऐकतो. ही काळजी आहे, बिघाड नाही. घाईत परवानग्यांच्या फाइलीत सगळे पत्ते खुले करून ‘ट्रस्ट’ लिहिणं, म्हणजे पासवर्डच न विचारणं, हा उपाय मी कुणालाही सुचवणार नाही. कार्यालयातल्या नेटवर्कचाच पत्ता लिहा, ‘स्क्रॅम’ पासवर्ड ठेवा आणि ५४३२ हा पोर्ट इंटरनेटला दाखवू नका.

वीज गेली की डेटा गेला, ही भीतीही वाजवीपेक्षा मोठी आहे. प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये डिस्कवर लिहिला जातो. वीज आल्यावर त्यावरूनच डेटाबेस सावरतो. वेग वाढवायला कुणी ‘एफसिंक’, म्हणजे लिहिलेलं खरंच डिस्कवर पोहोचवण्याची सोय, बंद करायला सांगितलं, तर ऐकू नका. ते संरक्षणच त्याने जातं.

बॅकअपविषयीचा समज मात्र सर्वांत महागात पडतो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. रोजचा बॅकअप होतोय असं सगळ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात बॅकअपचा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा असल्याने तो अपयशी ठरत होता, आणि त्याच्या इशाऱ्याच्या ईमेलही पोहोचत नव्हत्या. योगायोगाने घेतलेली एक प्रत सापडली, तरी सुमारे सहा तासांचा डेटा गेलाच. दुसऱ्या सर्व्हरवर चालू प्रत ठेवली तरी ती बॅकअपची जागा घेत नाही, कारण चुकून पुसलेली नोंद तिथूनही पुसली जाते.

तुमच्याकडे डेटाबेस चालू असेल, तर या आठवड्यात शेवटचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडा आणि नोंदींची संख्या मूळ नोंदींशी जुळते का, ते मोजून पाहा.