डोंगरमाथ्यावरच्या घंटा

जांभूळ, पेरू, लवंग आणि निलगिरी हीं झाडें एकाच कुळांतील आहेत, असें सांगितल्यास पुष्कळांना नवल वाटेल. या कुळाचा विस्तार ऑस्ट्रेलिया खंडांत विशेष झालेला आहे. आणि तेथेंच, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागांतील स्टर्लिंग नांवाच्या डोंगररांगेंत, या कुळाचें एक फार दुर्मिळ झुडूप वाढतें. त्याचें शास्त्रीय नांव डार्विनिया. उत्क्रांतिवादाचे प्रवर्तक चार्ल्स डार्विन यांच्यावरून तें पडलें असावें, असा तर्क सहज होतो. परंतु तें त्यांचे आजोबा, वैद्य व कवि एरॅस्मस डार्विन, यांच्या स्मरणार्थ ठेवलेलें आहे.

या झुडपाच्या फांद्यांना खालीं लोंबणाऱ्या लहान लहान घंटा लागतात. पाहणारास घंटा हेंच फूल वाटतें. पण तो भ्रम होय. घंटेचा घेर रंगीत पानांचा असतो आणि खरीं फुलें, अगदीं बारीक, त्याच्या आंत दडलेलीं असतात. त्यांतील मधासाठीं पक्षी येतात आणि परागांची नेआण करतात.

स्टर्लिंगची रांग सुमारें ६५ किलोमीटर लांब आहे. तिचें सर्वोच्च शिखर ब्लफ नोल सुमारें १,१०० मीटर उंच, म्हणजे महाबळेश्वराहूनहि ठेंगणें. तथापि भोंवतालचें मैदान सपाट व कोरडें असल्यामुळें समुद्रावरून येणारे ढग या शिखरांना अडतात आणि माथ्यावर गारवा व ओलावा टिकतो. समुद्रांत जशीं बेटें, तशीं मैदानांत हीं शिखरें. एका शिखरावरचें झुडूप दुसऱ्यापर्यंत सहसा पोंचत नाहीं. म्हणून दीर्घ काळांत निरनिराळ्या जाती निर्माण झाल्या. ब्लफ नोलच्या परिसरांतील जातीची घंटा पिंवळी, तर पश्चिमेकडील मोंडुरुप शिखराजवळची पांढरी, तांबड्या रेघांची. १९१३ सालीं या रांगेस राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तेथें दीड हजारांहून अधिक वनस्पती आढळतात.

परंतु जें वेगळेपण या जातींच्या जन्मास कारण झालें, तेंच आतां त्यांच्या नाशास कारण होऊं पाहत आहे. जिचें घर एकच शिखर, तिला संकटांत दुसरा आसरा नाहीं.

पहिलें संकट मातींतून येतें. मुळें कुजविणारा एक सूक्ष्म जीव ओल्या मातींत पोहत पसरतो. १९२२ सालीं सुमात्रांतील दालचिनीच्या झाडांवरून त्याचें प्रथम वर्णन झालें. १८४५ सालीं आयर्लंडांतील बटाट्याचें पीक ज्यानें बुडविलें, त्या रोगबीजाचा हा भाऊबंद. डोंगर चढणाराच्या बुटास लागलेला चिखल त्याला नव्या ठिकाणीं नेण्यास पुरेसा होतो.

दुसरें संकट अग्नीचें. वणव्यांत हीं झुडपें मरतात, पण मातींतील बियांतून नवीं रोपें उगवतात. वणवा हा स्वतः शत्रु नव्हे; शत्रु आहे त्याची घाई. रोपांना फुलें येऊन जमिनींत पुन्हां बियांचा सांठा होण्यापूर्वींच दुसरा वणवा आला, तर उगवावयास कांहींच उरत नाहीं. मे २०१८ मध्यें आणि पुन्हां डिसेंबर २०१९ मध्यें या रांगेंत मोठे वणवे पेटले.

यावर उपाय चालू आहेत. झाडांची रोगप्रतिकारशक्ति वाढविणारें फॉस्फाइट नांवाचें औषध विमानांतून फवारलें जातें. त्यानें रोगबीज मरत नाहीं, फक्त झाडांना अवधि मिळतो. दुर्मिळ वनस्पतींच्या बिया गोळा करून पर्थ येथें शीतगृहांत जपून ठेवल्या जातात.

मात्र सर्वांत साधा उपाय प्रवाशाच्या हातीं आहे. वाटेवर पाऊल ठेवण्यापूर्वीं आणि उतरल्यावर बुटांची माती घासून काढावी, एवढीच त्याला विनंति असते. एका शिखरावरच्या घंटा पुढील वसंतांत डोलतील कीं नाहीं, हें कधीं कधीं तेवढ्या चिमूटभर मातीवर अवलंबून असतें.