चाळीत साठवलेली आशा
लेखमाला : सुखाचा हिशेब, भाग ६

मागच्या भागात सुख आणि पैसा यांचं नातं पाहिलं. या भागात आशेचा विचार, आणि त्यासाठी नांदगाव तालुक्यातल्या कांदा चाळीइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

एप्रिल-मेपर्यंत इथली उन्हाळ कांद्याची काढणी उरकते. शेतात सुकलेला कांदा पात कापून, निवडून चाळीत भरतात. गोल्टी आणि डागी माल लगेच बाजार समितीत जातो. चांगला माल थांबतो. पावसाळ्यात आवक घटेल आणि भाव चढेल, एवढ्या भरवशावर.

हा भरवसा फुकटचा नसतो. चाळीत खालून-बाजूंनी हवा खेळती ठेवली तरी कांद्याचं वजन घटतच राहतं. दमट हवेत तो सडतो आणि पावसाळा सरता सरता त्याला कोंब फुटू लागतात. चार-पाच महिन्यांत तिसरा हिस्सा हातचा जाणं इथे कुणाला नवं नाही. म्हणजे भाव आहे तसाच राहिला, तरी थांबणारा तोट्यात. त्यात खरिपाचा लाल कांदा बाजारात उतरला की जुन्या मालाची सद्दी संपते.

मग माणूस थांबतो का?

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्नायडर यांनी १९९१ मध्ये सहकाऱ्यांसह आशा मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात १२ विधानं आहेत. चार जिद्द तपासतात, चार मार्ग काढण्याची क्षमता, आणि उरलेली चार निव्वळ भरीची. स्नायडर यांच्या मांडणीत आशेला हे दोन्ही पाय लागतात: ‘मी हे करीन’ ही उमेद, आणि ‘ही वाट बंद झाली तर ती धरीन’ ही तजवीज. कांदा उत्पादकाकडे पहिल्या गोष्टीची वाण कधीच नव्हती. अडतं ते दुसऱ्या ठिकाणी.

वाट बंद व्हायला आभाळच फाटावं लागतं असं नाही. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, ते चाळी भरलेल्या असताना. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले लिलाव बंद पडले. त्याच वर्षी ८ डिसेंबरला निर्यातबंदीच आली आणि चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला. बंदी ४ मे २०२४ ला उठली, पण किमान निर्यातमूल्य आणि शुल्काच्या अटी घेऊनच. शुल्क पूर्णपणे गेलं ते १ एप्रिल २०२५ रोजी.

अशा पडत्या बाजारातही माल न काढण्यामागे मनाचं एक जुनं वळण आहे. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवलं की तेवढ्याच रकमेच्या नफ्याच्या आनंदापेक्षा तोटा माणसाला जास्त बोचतो. पुढे १९८५ मध्ये हर्श शेफ्रिन आणि मीर स्टॅटमन यांनी शेअर बाजारातलं निरीक्षण मांडलं: गुंतवणूकदार चढलेले शेअर लवकर विकतात आणि पडलेले धरून बसतात. विकलं की तोटा पक्का होतो. धरून ठेवला तोवर तो कागदावर असतो. ‘मागच्या आठवड्यात दोनशे जास्त होते’ असं म्हणत ट्रॅक्टर न भरणारा शेतकरी आणि मुंबईतला गुंतवणूकदार इथे एकाच रांगेत उभे आहेत. फरक इतकाच की शेअरला कोंब फुटत नाहीत.

या थांबण्याची किंमत डोक्यालाही मोजावी लागते. आनंदी मणी, सेंधिल मुलाईनाथन, एल्दार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची कापणीपूर्वी आणि कापणीनंतर बौद्धिक चाचणी घेतली. २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला निष्कर्ष असा, की तीच माणसं पैशाची ओढाताण असताना चाचणीत मागे पडली आणि पीक हाती आल्यावर सावरली. बुद्धी तीच होती. चिंतेने तिची जागा व्यापली होती.

नांदगावसारख्या कमी पावसाच्या तालुक्यात ही ओढाताण नेमकी जूनमध्ये येते. मका, बाजरी, कपाशीचं बियाणं, खतं, मुलांच्या शाळा, सगळं एकदम. आणि घरातला पैसा चाळीत. भावाचा सर्वांत अवघड निर्णय घ्यायचा तेव्हाच मन सर्वांत थकलेलं असतं.

म्हणूनच टप्प्याटप्प्याने विक्रीचा सल्ला बाजाराइतकाच प्रकृतीच्याही सोयीचा आहे. जूनचा खर्च आणि देणं भागेल एवढा माल आधीच काढला, की उरलेल्या कांद्यासाठी थांबणं ही निवड होते, नाइलाज राहत नाही. किती भावाला आणि कोणत्या महिन्यापर्यंत थांबायचं, हे चाळ भरतानाच ठरवून लिहून ठेवलं, तर ऐन लिलावाच्या सकाळी तोट्याच्या भीतीला बोलायला कमी वाव मिळतो. अर्थात, पहिल्या काढणीलाच भाव मातीमोल असेल तर हा हिशेबही कोलमडतो. तिथे प्रश्न मनाचा उरत नाही, धोरणाचा होतो.

(पुढील भागात : शेजार आणि आरोग्य)