प्रत्येक आगीवर पाणी नव्हे!

आग दिसली की हात आपोआप पाण्याकडे जातो. गोदावरीकाठच्या नांदेडात असो, की एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी जपून वापरणाऱ्या लातुरात असो, सर्वांची पहिली धाव बादलीकडेच असते. मात्र घरातील काही आगींवर पाणी ओतणे जिवावर बेतते. वाढत्या वयात पावले मंदावतात आणि आगीच्या क्षणी विचाराला सवड मिळत नाही. म्हणून वृद्धांच्या घरात हा भेद आधीच ठाऊक असला पाहिजे.

आगीला जळण, उष्णता आणि हवा या तीन गोष्टी लागतात. त्यांतील एक काढून घेतली की ती विझते. कोणती काढायची, हे काय जळते आहे यावर ठरते.

आधी माणसे, मग आग

आग अगदी लहान असेल, घरातील इतरांना बाहेर काढले असेल आणि बाहेरचे दार आपल्या पाठीशी असेल, तरच ती विझवण्यास पुढे व्हावे. यांतील एकही गोष्ट नसेल, तर बाहेर पडावे, जाताना खोलीचे दार ओढून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. धूर असेल तर वाकून चालावे. जमिनीलगतची हवा तुलनेने स्वच्छ असते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णास उचलता येत नसेल, तर चादरीसकट खाली घेऊन ओढत बाहेर न्यावे.

कापड, कागद, लाकूड

निरांजनाने पेटलेला पडदा किंवा मच्छर अगरबत्तीने धुमसणारी गादी यांवर पाणीच योग्य. ज्वाळेच्या शेंड्यावर न टाकता बुडाशी टाकावे. गादी आतून धुमसत राहते. म्हणून ती विझल्यासारखी वाटली तरी अग्निशमन दलाला दाखवल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

पेटलेली कढई

येथे पाण्याचा थेंबही नको. तापलेल्या तेलात पाणी पडताच त्याची वाफ होते, ती सुमारे सतराशे पट फुगते आणि पेटते तेल चहूकडे उडवते. हात पोचत असेल तर शेगडी बंद करावी. मोठे झाकण किंवा परात आपल्याकडील बाजूने कढईवर सरकवावी, म्हणजे ज्वाळा अंगावर येत नाही. कढई हलवू नये. पूर्ण थंड होईपर्यंत झाकण उघडू नये, कारण हवा मिळताच तेल पुन्हा पेट घेते.

विजेची आग

कूलर, इन्व्हर्टर किंवा फळीवरील बटणांतून धूर येऊ लागला तर प्रथम मेन स्विच बंद करावा. पाणी टाकल्यास विजेचा धक्का बसतो. कोरडी वाळू किंवा कोरड्या पावडरीचे अग्निशामक नळकांडे वापरावे. विजेवर चालणाऱ्या दुचाकीची बॅटरी पेटली, तर विझवण्याच्या भानगडीत न पडता लांब जावे. तिचा धूर विषारी असतो आणि ती पुन्हा भडकू शकते. म्हणूनच ती झोपण्याच्या खोलीत किंवा बाहेर पडण्याच्या वाटेवर चार्जिंगला लावू नये.

गॅस

वयोमानाने गंधाची जाणीव मंदावते. गळतीचा वास सर्वांत शेवटी आजोबा-आजींनाच येतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास आल्यास दिव्याचे बटण चालू वा बंद काहीही करू नये, काडी ओढू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. सिलिंडरच्या तोंडाशी ज्वाळा असेल आणि रेग्युलेटरपर्यंत सुरक्षित पोचता येत नसेल, तर ती फुंकून वा झाकून विझवू नये. न जळता साचलेला गॅस ज्वाळेहून घातक ठरतो. अशा वेळी घर सोडावे.

अंगावरचे कपडे पेटल्यास

धावू नये, धावण्याने आग भडकते. जमिनीवर आडवे होऊन लोळावे. लोळणे शक्य नसलेल्या वृद्धांभोवती जाड लोकरी घोंगडी लपेटावी. लोकर सहजी पेटत नाही. नायलॉनची चादर मात्र नको. भाजलेल्या भागावर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ, तूप, हळद, टूथपेस्ट लावू नये. अंगठी, बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात आणि १०८ला कळवावे. वृद्धांना पाण्याने हुडहुडी भरू नये म्हणून बाकीचे अंग पांघरुणाने झाकावे.

आजच करण्याजोगे

स्वयंपाकघरात शेगडीपासून हातभर अंतरावर एक मोठे झाकण कायम ठेवावे. आयएसआय चिन्हाचे, आपल्याला पेलवेल इतकेच पावडरचे नळकांडे दाराजवळ टांगावे. त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे अधूनमधून पाहावे. घरी रुग्णास प्राणवायू लावलेला असेल, तर त्या खोलीत समई, अगरबत्ती, विडी काहीही पेटवू नये. रात्री कडी-कुलपाची किल्ली अंधारातही हाताला लागेल अशा एकाच जागी असावी.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीतील स्फोटात कर्तव्य बजावताना अग्निशमन जवान धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मृत्यर्थ दरवर्षी त्या दिवशी अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. मराठवाड्यात तेव्हा उन्हाळा तापू लागलेला असतो, कूलर सुरू झालेले असतात. त्या दिवशी घरातील सर्वांनी मिळून मेन स्विच, रेग्युलेटर आणि बाहेरची वाट ही तीन ठिकाणे एकदा हात लावून पाहावीत. आजी-आजोबांनी स्वतः पाहावीत. संकटात आठवते ते डोळ्यांनी वाचलेले नव्हे, हातांनी केलेले.