कातळावरचं अर्थिंग

"टॉवरवर वीज पडू नये म्हणून तुम्ही काय करता?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. काही करत नाही, असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. पण खरं तेच आहे. सह्याद्रीच्या उघड्या माथ्यावर लोखंडी टॉवर उभारला की आज ना उद्या वीज त्यावर येणारच. ती आल्यावर कुठल्या वाटेने जमिनीत जाईल आणि कुठल्या वाटेने मुळीच जाणार नाही, एवढंच आपल्या हातात असतं. तेही आधीच ठरवून ठेवलं असेल तर.

नोकरीत माझी हयात वीज उपकेंद्रांची अर्थिंगं तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर हॅम रेडिओचं लायसन काढलं आणि क्लबातल्या पोरांनी डोंगरावरच्या रिपीटरचं अर्थिंग माझ्या गळ्यात घातलं. डोंगराचं नाव सांगत नाही. तांब्याला हल्ली भाव फार आला आहे.

रिपीटर म्हणजे काय, ते आधी सांगतो. हॅमच्या हातातला वॉकीटॉकी पाचेक वॅटचा. त्याच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, त्यामुळे मधे डोंगराची एक सोंड आली की पलीकडच्या खोऱ्यात आवाज पोचत नाही. म्हणून माथ्यावर एक यंत्र ठेवायचं. ते एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतं आणि त्याच क्षणी दुसरीवर मोठ्या ताकदीने बोलतं. दोन मीटर बँडवर या दोघींत ६०० किलोहर्ट्झचं अंतर असतं. मोबाइल आल्यावर याची गरज काय, असं विचारणाऱ्यांनी २००१चा भूज आठवावा. फोन बंद पडले होते तेव्हा पहिले निरोप पोचवणाऱ्यांत हॅम मंडळी होती.

घरी रेडिओ असणारा हॅम ढग गडगडले की अँटेनाची केबल काढून खिडकीबाहेर टाकतो. रिपीटरला ती सोय नाही. तिथे माणूस नसतो आणि वादळातच त्याची गरज जास्त.

आता विजेचे आकडे. ढगातून जमिनीवर येणाऱ्या विजेच्या पहिल्या झोताचा प्रवाह साधारण ३०,००० अँपिअर धरतात. क्वचित तो दोन लाखांवरही जातो. घरातला गीझर दहा अँपिअरच्या आत-बाहेर घेतो. हा प्रवाह शून्यापासून शिखरावर काही मायक्रोसेकंदांत चढतो आणि माझ्या मते खरी गोम या चढण्याच्या वेगात आहे. सरळ तारेला मीटरमागे सुमारे एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो. पन्नास सायकलच्या विजेला तो जाणवतसुद्धा नाही. पण तीन मायक्रोसेकंदांत तीस हजार अँपिअर चढले, तर त्याच तारेच्या प्रत्येक मीटरवर दहा हजार व्होल्ट उभे राहतात. तार तांब्याची असो, मनगटाएवढी जाड असो, फार फरक पडत नाही. म्हणून अर्थची तार आखूड हवी, सरळ हवी आणि तिला काटकोनात मोड नको. वळवायचीच झाली तर निदान वीतभर त्रिज्येचा गोल बाक द्यायचा. वायरमन भिंतीच्या कोपऱ्यातून तार सुबक काटकोनात नेतो, बरं दिसावं म्हणून. बऱ्या दिसणाऱ्या अर्थिंगची मला भीती वाटते. गोल तारेपेक्षा चपटी पट्टी बरी, कारण इतक्या वेगाचा प्रवाह धातूच्या पृष्ठभागावरून धावतो आणि तेवढ्याच धातूत पट्टीचा पृष्ठभाग जास्त मिळतो.

दुसरा आकडा जमिनीचा. अर्थिंगचा रोध दहा ओहम आला की कंत्राटदार खूश होऊन बिल लावतो. त्या दहा ओहममधून तीस हजार अँपिअर गेले तर तीन लाख व्होल्ट होतात. म्हणजे वीज पडल्याच्या क्षणी टॉवर, त्याच्या बुडाची जमीन आणि खोलीतली पेटी, सगळंच लाखो व्होल्टवर जाऊन बसतं. एक ओहम आणलात तरी तीस हजार उरतातच. मग यंत्र वाचतं कसं? भरतीच्या पाण्यावर बंदरातल्या सगळ्या होड्या एकदम उचलल्या जातात तेव्हा कुणाला काही होत नाही, पण एखादी धक्क्याच्या खांबाला आखूड दोरीने बांधलेली असेल तर ती मोडते. रिपीटरची खोली नेमकी तशी असते. रेडिओची पेटी, बॅटरी, चार्जर, केबलचं बाहेरचं कवच आणि खोलीचं अर्थ हे सगळं एकदम वर उठलं आणि एकदम खाली आलं, तर आतून काही वाहत नाही. पण वीजपुरवठ्याची तार खालच्या गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरून आलेली असते आणि तिचं अर्थ तिकडे, दूर गावात. टॉवरचं अर्थ लाखांवर गेलं तरी ती तार शून्याच्या जवळपासच राहते. मधे सापडतो तो आपला रिपीटर.

म्हणूनच जळालेला रिपीटर उघडला तर पुष्कळदा अँटेनाकडची बाजू ठाकठीक आणि वीजपुरवठ्याची बाजू काळी पडलेली दिसते. लोक म्हणतात, वीज लाइनमधून आली. कधी ती तशी येतेही. पण कितीदा तरी ती टॉवरवरून येऊन लाइनमधून गेलेली असते.

या घोटाळ्याला अडीचशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. १७५३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये गेओर्ग रिशमान या शास्त्रज्ञाने छतावर धातूची कांब उभारून तिची तार घरातल्या मापनयंत्रापर्यंत आणली होती. ढगातली वीज मोजायची होती, म्हणून कांब जमिनीला जोडलेली नव्हती. वादळात तो यंत्राशी वाकला आणि विजेला जमिनीत जायला त्याच्याखेरीज वाट राहिली नाही. जागीच गेला. वेगळ्या अर्थची किंवा अर्थच नसलेली तार खोलीत घेणारा प्रत्येक जण थोडाफार तोच प्रयोग करत असतो.

यावर उपाय एकच, तो म्हणजे सगळ्या वाटा एका जागी आणणं. खोलीच्या भिंतीत, जमिनीपासून जितकं खाली जमेल तितकं, तांब्याचं किंवा पितळेचं एक पान बसवायचं. अँटेनाची केबल, वीजपुरवठा, सौर पॅनेलच्या तारा, जे काही आत येईल ते त्या पानावरून यायचं. तिथून एक रुंद पट्टी सरळ खाली, बाहेरच्या अर्थकडे. टॉवरचं अर्थ, खोलीचं अर्थ आणि मीटरचं अर्थ जमिनीखाली एकमेकांना बांधायची. "रेडिओला वेगळं, स्वच्छ अर्थ द्या" असा सल्ला देणारे अजून भेटतात. वेगळं अर्थ म्हणजे धक्क्याला बांधलेली दोरी, हे त्यांना कसं पटवावं कळत नाही.

त्या पानावरच अरेस्टर बसतात. अँटेनाच्या केबलसाठी आत गॅस भरलेली बोटाच्या पेराएवढी नळी असते. व्होल्टेज ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की आतला गॅस वाहक होतो आणि मधल्या तारेला कवचाशी, म्हणजे अर्थशी जोडतो. वीजपुरवठ्याच्या बाजूला मेटल ऑक्साइडच्या चकत्या हेच काम करतात. या चकत्या प्रत्येक तडाख्यात थोड्या झिजतात. पेटीवरची हिरवी खूण लाल झाली की बदलायच्या. अरेस्टर पानापासून लांब, मीटरभर तारेच्या शेपटीवर टांगलेला दिसला तर तो काढून घरी नेला तरी चालेल. त्या शेपटीवरचे दहा हजार व्होल्ट वर सांगितलेच आहेत.

केबलचं कवचही टॉवरला वर, अँटेनाजवळ, आणि खाली टॉवर सोडताना असं दोनदा जोडायचं. टॉवर सोडायचा तो बुडाशी. पुरुषभर उंचीवरून केबल खोलीकडे वळवली की तेवढ्या लोखंडावर उभं राहिलेलं व्होल्टेज केबलबरोबर आत येतं. जोडणीत तांबं थेट जस्ताच्या मुलाम्यावर नको. तांब्यावरून ओघळणारं पावसाचं पाणीसुद्धा जस्त खातं आणि दोन पावसाळ्यांत टॉवरच्या पायाला गंज दिसू लागतो. चोरांच्या कृपेने आम्ही जमिनीखाली जीआय पट्टीच वापरतो, त्यामुळे हा प्रश्न अर्धा सुटलाय.

आता जमीन. पुस्तकं सांगतात, तीन मीटरचा रॉड ठोका. दोन रॉडमधलं अंतर त्यांच्या लांबीच्या दुप्पट ठेवा, जवळ ठोकले तर ते एकाच मातीत वाटेकरी होतात. हे लिहिणाऱ्याने दख्खनचा कातळ पाहिलेला नसावा. आमच्या क्लबातला एक कॉलेजचा पोरगा घण घेऊन भिडला होता. "काका, दीड फूट गेला, आता टणाटण वाजतोय," म्हणाला. वाजणारच. वर हातभर मुरूम आणि खाली बसाल्ट. अखंड कोरड्या बसाल्टची रोधकता हजारो ओहम-मीटरमध्ये जाते. गंमत अशी की तोच बसाल्ट हजारो वर्षं कुजून त्याची काळी माती झाली की ओलेपणी दहा ओहम-मीटरच्या आसपास, कधी त्याहून खाली येते. सोलापूर-परभणीच्या रानात अर्थिंग करणं म्हणजे सुख. आम्ही जिथे उभे आहोत तिथे खडक अजून खडकच आहे.

म्हणून कातळावर खोल जाण्याचा हट्ट सोडून आडवं पसरायचं. टॉवरच्या पायापासून चहूबाजूंना चर खणायचे, जितके खोल जातील तितके, आणि त्यांत पट्ट्या टाकायच्या. पंचवीस-तीस मीटरपुढे पट्टी लांबवून फायदा नसतो. प्रवाह इतक्या झटक्यात येतो की पट्टीचं दूरचं टोक वेळेवर कामाला येतच नाही. एका लांब पट्टीपेक्षा चार आखूड बऱ्या. पट्टीभोवती बेंटोनाइटची चिखलमाती भरायची. ही पाणी धरून ठेवते आणि फुगून धातूला चिकटते. आपल्या काळ्या मातीचा फुगीर अंश त्याच कुळातला, त्यामुळे पैसे नसतील तेव्हा खालच्या शेतातून पोती भरून आणली तरी काम भागतं. मीठ-कोळशाचा खड्डा मात्र घाटमाथ्यावर नको. इथला पाऊस एका पावसाळ्यात मीठ धुऊन नेतो आणि जाताना ते लोखंडही खाऊन जातं.

टॉवरच्या पायाचं काँक्रीटही वाया घालवू नये. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत ॲरिझोनाच्या कोरड्या रानात दारूगोळ्याच्या कोठारांना अर्थिंग कसं द्यावं, हा पेच हर्बर्ट उफर या माणसाने पायाच्या काँक्रीटमधलं लोखंड वापरून सोडवला. काँक्रीट हवेतून, जमिनीतून ओल शोषतं आणि सहजी सोडत नाही. पायाच्या सळ्यांना काँक्रीट ओतण्याआधी एक पट्टी वेल्ड करून बाहेर काढली की झालं. ओतल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही.

सगळ्यात जास्त वाद मी घालतो तो मोजण्याच्या महिन्यावरून. पावसाळ्यानंतर डोंगर हिरवा असतो, हवा छान असते, तेव्हा सगळे उत्साहाने अर्थचा रोध मोजणारं मेगर घेऊन वर येतात आणि सुरेख आकडा लिहून जातात. पण आपल्याकडे वीज ऑगस्टच्या संततधारेत क्वचित पडते. ती पडते एप्रिल-मेच्या वळवात आणि पुन्हा परतीच्या पावसात. वळवाची पहिली वीज येते तेव्हा जमीन वर्षभरात सर्वांत कोरडी असते. काळी माती भेगाळून पट्टीपासून सुटलेली असते आणि ऑगस्टचा आकडा मेमध्ये कितीतरी पटींनी वाढलेला असतो. म्हणून आम्ही मोजतो ते उन्हाळ्यात. मेगरच्या दोन खुंट्या कातळात जात नाहीत, मग पत्र्याचे तुकडे ओल्या पोत्यांखाली ठेवून त्यांनाच तार लावायची. बाहेरची खुंटी जितकी लांब नेता येईल तितकी न्यायची आणि मधली त्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर. मधली थोडी मागेपुढे सरकवली तरी आकडा हलला नाही, तर तो खरा.

आकडा वाईट आला तर चरांवर पाणी ओतायचं. खालून कॅनने आणलेलं पाणी. पोरं कुरकुरतात, पण ओततात. नटबोल्ट आवळायचे, गंज खरवडायचा, लगवर ग्रीस लावायचं. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने काढलेलं 'दामिनी' ॲप सगळ्यांच्या मोबाइलवर असतंच. आसपास वीज पडत असली की ते इशारा देतं. शिवाय जुना हिशेब: वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदही गेले नाहीत तर माथा सोडायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर यायचं नाही.

मोजण्यासाठी टॉवरची पट्टी अर्थपासून सोडावी लागते. तेवढा वेळ टॉवरला जमीन नसते आणि त्या सुट्या टोकाशी पाना हातात घेतलेला माणूस उकिडवा बसलेला असतो. वळवाचे ढग दुपारनंतर चढतात, आमच्याकडे बहुधा पूर्वेकडून. त्यामुळे मोजणी सकाळी सुरू करून अकराच्या आत उरकायची. आधी पट्टी जोडायची, बोल्ट आवळलेला दुसऱ्याने तपासायचा, आणि मग डबे उघडायचे.