रुपयांआधी मिलिसेकंदांचा हिशेब

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुट्टीच्या दिवसांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘गेमिंगचा कॉम्प्युटर कमी पैशांत जुळवता येईल का?’ येतो. त्यासाठी रुपयांआधी मिलिसेकंदांचा हिशेब मांडावा लागतो.

पडद्यावरचा खेळ म्हणजे झरझर बदलणारी चित्रं. सेकंदाला ६० चित्रं आली की हालचाल सलग वाटते. म्हणजे एका चित्राला मिळतात जेमतेम १६.७ मिलिसेकंद. खेळाडू कुठे पोचला, भिंत कोसळली का, हे प्रोसेसर ठरवतो आणि ग्राफिक्स कार्ड ते रंगवतं. कार्ड एक चित्र रंगवत असताना प्रोसेसर पुढच्याची तयारी करतो. दोघांपैकी जो मागे पडेल, त्याच्या गतीने खेळ चालतो. महागड्या प्रोसेसरला दुबळं कार्ड जोडलं तर त्याचे पैसे वाया जातात ते यामुळेच.

रंगवायचं किती, ते मॉनिटर ठरवतो. १९२० × १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. ४के पडद्यावर त्याच्या चौपट. ठिपक्यांची मोठी रांगोळी एकट्या हुशार हातापेक्षा शंभर साध्या हातांनी लवकर भरते. ग्राफिक्स कार्डाचं तत्त्व हेच. रायझन ५ ५६०० या प्रोसेसरमध्ये ६ ताकदवान कोअर आहेत, तर रेडिऑन आरएक्स ६६०० या कार्डात १,७९२ छोटे गणकघटक. म्हणून १०८० चा मॉनिटर आधी पक्का करावा आणि उरलेल्या पैशांतला सर्वांत मोठा वाटा कार्डाला द्यावा.

रॅम घेताना १६ जीबीची एक पट्टी नको, ८ जीबीच्या दोन घ्या. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती पोचवते; दोन पट्ट्या वेगवेगळ्या चॅनेलमध्ये बसवल्या की ही क्षमता ५१.२ जीबी होते. साठवण तेवढीच, रस्ता दुप्पट रुंद. कार्डापुरते पैसे आज नसतील, तर अंगचंच ग्राफिक्स असलेला रायझन ५ ५६००जी घेऊन सुरुवात करता येते. त्याचं ग्राफिक्स याच रॅमवर चालतं, त्यामुळे तिथे दोन पट्ट्यांचा फायदा ठळक दिसतो. साठवणीसाठी हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घेतल्याने चित्रांची संख्या फारशी वाढत नाही, पण खेळ उघडायला लागणारा वेळ पुष्कळ घटतो.

खर्चाला कात्री लावताना पहिला बळी जातो तो एसएमपीएसचा. ही चूक करू नका. प्रत्येक भागाला स्थिर वीज पुरवणारा हा डबा निकृष्ट असला, तर स्वतःबरोबर मदरबोर्ड आणि कार्डही जाळू शकतो. ‘८० प्लस’ची खूण असलेला, नावाजलेल्या कंपनीचा आणि एकूण गरजेपेक्षा थोड्या जास्त वॅटचा घ्या. ही खूण कार्यक्षमतेची आहे, टिकाऊपणाची नव्हे; म्हणून वॉरंटीही तपासा.

बचत करायचीच असेल, तर रंगीत दिव्यांवर आणि काचेच्या कॅबिनेटवर करा. त्यांनी एकही चित्र लवकर उमटत नाही.