ऑनलाईन अर्ज आणि कागदपत्रांचे आकारमान

पूज्य बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज तिचा अर्ज महाराष्ट्रात महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो. तेथे प्रत्येक कागदपत्राची फाईल १५ ते २५६ केबी एवढीच चालते. मोबाईलने काढलेला दाखल्याचा फोटो मात्र सहज तीन-चार एमबीचा, म्हणजे मर्यादेच्या पंधरापट भरतो. मग शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी आपली मुले फुलचूरहून गोंदियाला ऑनलाईनच्या दुकानात धावतात. वास्तविक हे काम घरी होण्यासारखे आहे.

फाईल जड का होते, हे आधी समजून घेऊ. संगणक कागदाचे चित्र बारीक ठिपक्यांत साठवितो. ए-फोर कागद इंचाला ३०० ठिपके धरून स्कॅन केला तर सुमारे ८७ लाख ठिपके होतात. रंगीत ठिपक्याला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण अडीच कोटींहून अधिक बाइट! इंचाला १५० ठिपके ठेवले की ठिपके चौथाईवर येतात. रंग काढून करड्या छटा ठेवल्या, ज्याला अ‍ॅपमध्ये ग्रेस्केल म्हणतात, तर ठिपक्याला एकच बाइट पुरतो. अक्षरे वाचता येतात आणि भार मात्र बारा पटीने घटतो. उरलेले काम जेपीईजी पद्धत करते. डोळ्याला न जाणवणारे बारकावे ती गाळते. मात्र गाळलेले परत येत नाही, म्हणून तीच फाईल पुन्हापुन्हा लहान करू नये. दरवेळी मूळ फोटोपासून सुरुवात करावी. झिप करूनही फोटोत फारसा फरक पडत नाही, कारण तो आधीच दाबलेला असतो.

फोटो काढतानाच निम्मे काम होते. दिवसाच्या उजेडात कागद सपाट ठेवावा, आणि सतरंजी, टेबल, बोटे कापून टाकावीत. त्यांचेही ठिपके मोजले जातात!

नवीन दाखल्याला हे सर्व चालते. आजोबांच्या दाखल-खारीज उताऱ्याची किंवा कोतवाल पंजीच्या नकलेची गोष्ट वेगळी. जात पडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मोलाचा असतो, आणि नेमकी त्याचीच शाई फिकी असते. अशा कागदाला निव्वळ काळे-पांढरे करू नये. फिकट अक्षर पांढऱ्यात जाते, शिक्क्याचा काळा डाग होतो. तेथे करड्या छटाच ठेवाव्यात, आणि नोंदीतील जातीचा शब्द मोठा करून वाचता येतो की नाही ते पाहूनच फाईल पाठवावी. पोर्टलने स्वीकारली म्हणजे ती वाचता येते, असे नव्हे.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठविलेला कागद वाटेतच लहान होतो. तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. फुकट आकार कमी करून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळावर आधारकार्ड किंवा जातीचा दाखला टाकणे मला स्वतःला धोक्याचे वाटते. इंटरनेट बंद ठेवूनही चालणारे अ‍ॅप बरे. आणि मूळ मोठी फाईल पुसू नये. शिष्यवृत्तीनंतर पडताळणीचा अर्ज येतो, मग धाकट्या भावंडांचा, आणि दरवेळी तोच जीर्ण उतारा पुन्हा उलगडावा लागतो.